सहावा तुकडा

म्हसावदच्या दवाखान्यातून मळकी वस्तू बाहेर जात नसे, कारण ती आधी कमलीबाईंच्या हातातून जायची. औषधासाठी पेशंटने घरून आणलेली बाटलीसुद्धा त्या उजेडात धरून बघत, राखेने घासत आणि मगच कंपाउंडर दगाच्या पुढे ठेवत. दगा चिडवायचा, "कमलीबाई, त्याले खोकला शे, बाटलीले नही." त्या हसत नसत. त्या वाढल्या सातपुड्यात, काठी गावाच्या बाजूच्या एका पाड्यावर. तिथे उसनं आणलेलं भांडं न धुता परत देणं म्हणजे त्या घराला शिवी देणं.

नवरा गेल्यावर, एकावन्न साली, त्या डोंगर उतरून खाली आल्या. डॉक्टर चुनीलाल यांनी नुकताच दवाखाना उघडला होता. डॉक्टर कळसाडीच्या गुजर घरातले. मुंबईत शस्त्रक्रिया शिकले, पण कापसा-उसाच्या मुलखात परत आले आणि पेशंटशी पुन्हा अहिराणीतच बोलू लागले. त्यांनी कमलीबाईंना आया म्हणून ठेवलं. कमलीबाईंना अक्षर येत नव्हतं. औषधं त्या वासावरून ओळखत, आणि अकरा वर्षांत एकदाही चुकल्या नव्हत्या.

चूक झाली ती बासष्ट साली, जानेवारीत, आणि ती त्यांच्या सख्ख्या भावाच्या बाबतीत.

दिलवरसिंग त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याच्या डाव्या कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, चौदा वर्षांपासून एक गाठ होती. आधी हरभऱ्याएवढी, मग बोराएवढी, मग लिंबाएवढी. ती दुखत नव्हती, म्हणून त्याने तिला राहू दिलं होतं. राहू देण्याचं दुसरंही कारण होतं. दिलवरसिंग बासरी वाजवायचा. होळीच्या आधीचा महिनाभर वेगवेगळ्या पाड्यांवरून त्याला बोलावणं यायचं. तिथे चिरलं की तोंड वाकडं होतं, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. ओठ हलवणारी नस त्या गाठीच्या अगदी लगत जाते.

पण त्या पावसाळ्यानंतर गाठ भराभर वाढू लागली. डॉक्टरांनी ती दाबून पाहिली आणि सांगितलं, की ही थुंकी तयार करणाऱ्या ग्रंथीतली गाठ आहे, बहुतेक साधी आहे. पण अशी साधी गाठ फार वर्षं राहिली तर कधीतरी फिरते, कॅन्सर होऊन बसते. कमलीबाईंनी भावाला तीन आठवडी बाजार समजावलं. चौथ्या बाजाराला तो टेबलावर झोपला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या ओठांसमोर कापसाचा पुंजका धरला. "फुक." दिलवरसिंगने ओठ गोल केले. पुंजका उडाला. कमलीबाई दाराआड गेल्या आणि पदराने तोंड पुसून परत आल्या.

चूक मात्र तोवर होऊन गेली होती. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांच्या हातात रुंद तोंडाची बाटली दिली होती. आत फॉर्मालिन, त्यात गाठ. "कमलीबाई, हाई नीट बंद करी ठेव. सकायले दगा धुयाले लई जाई." धुळ्याला डॉक्टर हिंमतराव होते. आयुष्यभर मेडिकल कॉलेजात शिकवून ते गावी परतले होते आणि घरातच सूक्ष्मदर्शक मांडून अशा गाठी तपासून देत.

कमलीबाईंनी बाटली उजेडात धरली. गाठीभोवती मांसाची, चरबीची चिंध्यांसारखी टोकं लोंबत होती. त्या बघत राहिल्या. हे भावाच्या अंगातलं. परक्या गावी, शिकलेल्या माणसाच्या घरी चाललेलं. आणि हे असं? न्हाऊ न घालता लेकरू पाहुणं पाठवावं तसं त्यांना झालं. त्यांनी गाठ चिमट्याने ताटलीत घेतली, बारीक कात्री घेतली आणि तिच्याभोवतीचं सगळं कापून काढलं. सहा वेळा कात्री चालली. गाठ सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत झाली. ती त्यांनी परत फॉर्मालिनमध्ये सोडली.

तुकडे कचऱ्यात टाकणं त्यांना जमलं नसतं. माणसाचं मांस मातीला द्यायचं असतं, आणि मातीला काही द्यायचं तर त्यावर मोहाच्या दारूची धार सोडावी लागते. तेव्हा दारूबंदी कडक होती. पण लाकडं ठेवायच्या खोपटामागे कमलीबाईंची एक लहान शिशी असायची, पिण्यासाठी नव्हे, याच कामासाठी. त्यांनी तुकडे एका बोळक्यात ठेवले, वरून पहिल्या धारेची दारू ओतली, ओल्या मातीने तोंड लिंपलं आणि दवाखान्यामागच्या पळसाखाली पुरलं. मग हात धुऊन त्या भावाला पेज द्यायला गेल्या.

आठ दिवसांनी धुळ्याहून कागद आला. तो वाचताना डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी दगाला हाक मारली.

"दगा, वाटमा तू बाटली उघाडी व्हती?"

"नही साहेब! आईनी आन."

"मंग गाठना आजूबाजूनं मास कोठे गयं? मी सोता ठेयेल व्हतं."

"साहेब, तो वास! मी धुयालगून तोंड खिडकीबाहेर काढी बठेल व्हतू. कंडक्टरनी माले दोनदा इचारं, तुले उलटी व्हई ऱ्हायनी का? माले ती बाटली उघाडानी व्हती तं आधी नाक काढी ठेवनं पडतं."

डॉक्टर हसले नाहीत. "मास सोताच पळी गयं का मंग?"

कमलीबाई दारात उभ्या होत्या. हातात धुतलेल्या पट्ट्या होत्या. "साहेब, दगाले बोलू नका," त्या म्हणाल्या. "ते मी कापं."

"कसाले?"

"घान दिखे. आपला घरनं धुयाले जाई ऱ्हायनं, तं साफ करी दिनं."

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर कमलीबाईंना सोपं गेलं असतं. ते खुर्चीत बसले, आणि मग हळूहळू, एखादा हिशेब मुलाला परत समजवावा तसं, त्यांनी सांगितलं. गाठ डोळ्याला गोल दिसते, पण ती गोल नसते. कुठे कुठे ती शेजारच्या चांगल्या मांसात बारीक कोंब घालते. ते डोळ्याला दिसत नाहीत, काचेखाली दिसतात. म्हणून गाठ एकटी काढायची नसते, भोवतीच्या मांसासकट काढायची. त्या मांसात कोंब नसले तर काम संपलं. असले तर जखम पक्की व्हायच्या आत परत उघडावी लागते, आणि दुसऱ्या खेपेला ओठांची नस वाचेलच असं नाही.

"गाठ काय शे, ते गाठ सांगस," डॉक्टर म्हणाले. "पन ती गयी का ऱ्हायनी, ते आजूबाजूनं मास सांगस. कागदवर लिखेल शे, गाठ साधी शे. कड दिखी नही."

कमलीबाईंच्या हातातल्या पट्ट्या ओल्या होत्या. पाणी टपकत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. आजवर त्यांना वाटायचं, आजार म्हणजे गाठ. बाकीचं लोंबणारं, चिकटलेलं, ते नुसतं सोबतीला आलेलं.

"फेकी दिनं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नही. गाडेल शे."

तिघे पळसाखाली गेले. दगाने खुरप्याने माती काढली. बोळकं वर आलं, लिंपण फोडलं, आणि डॉक्टरांनी नाक पुढे नेलं ते तसंच मागे घेतलं. त्यांनी दगाकडे पाहिलं. दगा पळसाच्या शेंड्याकडे बघू लागला.

"पहिली धारनी शे," कमलीबाई खाली बघून म्हणाल्या.

"कोठून उनी, ते मी इचारस नही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चिमट्याने एक तुकडा उचलला. तो सडला नव्हता. पांढुरका, घट्ट, शिजल्यासारखा झाला होता. डॉक्टरांचा चेहरा पालटला. कडक दारू मांसाला तेच करते जे त्यांच्या बाटलीतलं औषध करतं. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग बसावा तसं ते मांसातलं प्रथिन जागच्या जागी बसवते. मोहाने आठ दिवस राखण केली होती.

तुकडे ताटलीत मांडले. पाच होते.

"सहा व्हतात," कमलीबाई म्हणाल्या.

दगाने हातभर खड्डा खणला. कमलीबाईंनी माती पिठाच्या चाळणीतून चाळली. बोळकं पालथं केलं, फोडलं, खापऱ्या बघितल्या. मग त्या ताटल्या धुवायच्या मोरीवर गेल्या आणि तिची नाली हाताने उपसू लागल्या. सहावा तुकडा नव्हता. कात्रीला चिकटून धुण्यात गेला असेल, ताटलीवरून खाली पडून मुंग्यांनी नेला असेल. त्यांना आठवेना. ज्या हातांवर त्यांचा एवढा भरवसा, त्या हातांनी नेमकं तेवढंच विसरायचं ठरवलं होतं.

या खेपेला धुळ्याला त्या स्वतः गेल्या. डॉक्टरांची चिठ्ठी कमरेला आणि पाच तुकड्यांची बाटली मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. शेजारी शहाद्याला चढलेली एक जाडशी बाई बसली होती. तिने पाटी पायाशी ठेवली आणि बाटलीकडे बोट केलं.

"काय शे वं यामा? लोणचं?"

"नही."

"मंग इतली जपी धरेल कसाले? सोनं शे का?"

"मन्हा भाऊ शे."

बाईने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा कमलीबाईंच्या तोंडाकडे. पाटी उचलली आणि ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. दोंडाईचा येईपर्यंत ती दर थोड्या वेळाने वळून बघत होती.

डॉक्टर हिंमतराव सत्तरीचे, सडपातळ, बोटांची नखं कायम जांभळट. ते पुण्याकडची मराठी बोलत. त्यांनी चिठ्ठी वाचली, तुकडे बघितले आणि कपाळाला हात लावला. "तुकडे आहेत, हे ठीक. पण गाठीच्या कुठल्या बाजूचा कुठला, हे मला कोण सांगणार?"



ते आत गेले आणि एक लिंबू घेऊन आले. सोबत कात्री. "ही गाठ समजा. त्या दिवशी कशी धरली होती? बोलू नका. नुसतं करा."

कमलीबाईंनी लिंबू डाव्या हातात घेतलं. फिरवलं. परत फिरवलं. डोळे मिटले. चिमट्याने उचलली तेव्हा कानाकडचं टोक अंगठ्याजवळ होतं, कारण तिथे डॉक्टरांनी काळ्या दोऱ्याचा एक टाका ठेवला होता, आणि तो त्यांना टोचला होता. तिथून सुरुवात. वरचा तुकडा लांबट. मग पुढचा, गालाकडचा. मग मागे वळून दोन लहान. मग तळाचा, चरबीचा, पिवळा. त्या एकेक जागी कात्री नुसती टेकवत गेल्या आणि हिंमतराव एकेक तुकडा उचलून क्रमांक टाकत गेले. पाच झाले. मग कमलीबाईंचा हात लिंबाच्या आतल्या बाजूला गेला आणि तिथेच थांबला.

"इथला," त्या म्हणाल्या. "इथला नाही."

हिंमतरावांनी लिंबू त्यांच्या हातातून घेतलं. "नसेच्या बाजूचा," ते म्हणाले. कमलीबाईंशी नाही, लिंबाशी बोलल्यासारखे.

तुकडे मेणात बसवून, कापून, रंगवून व्हायला चार दिवस लागणार होते. ते चार दिवस कमलीबाई हिंमतरावांच्या ओसरीवर बसून राहिल्या. घरातल्या सुनेने, रंजनाबाईने, जेवायला वाढलं तर अर्धं खाऊन उठत. ओसरी झाडत. मग अंगण झाडत. मग रस्त्याचा तुकडा. रंजनाबाई म्हणाली, "मावशी, धुळं सगळं झाडायचं ठरवलंय का?" कमलीबाई खाली बसल्या, आणि तिची पाठ वळताच पुन्हा उठल्या. पळसाखालची माती, मोरी, नाली, ताटली: चारही दिवस त्या मनाने तीच वाट चालत होत्या. प्रत्येक वेळी वाटायचं, आता दिसेल.

चौथ्या दिवशी हिंमतरावांनी त्यांना आत बोलावलं आणि काचेला डोळा लावायला सांगितलं. आधी नुसती पापणीची सावली दिसली. मग गुलाबी आणि जांभळं काहीतरी पसरलं. "हे चांगलं मांस. ज्वारीच्या कणसासारखे दाणे दिसतात? थुंकी इथे तयार होते. आता हे बघा," त्यांनी काच बदलली, "ही गाठ." इथे दाणे नव्हते. निळसर धुकं होतं आणि त्यात दोर तुटल्यासारख्या पेशी, कुठेही, कशाही.

"प्रत्येक रंग वेगळ्या गोष्टीला धरतो," हिंमतराव म्हणाले. "कुठला प्रथिनात रुजतो, कुठला बुळबुळीत भागात. त्यामुळे जागा कळते, की हे गाठीचं, हे शेजारचं. स्वभाव कळत नाही. उद्या ही पेशी काय करेल, ते सांगणारा रंग अजून निघालेला नाही. नेमक्या एकाच प्रथिनाला पकडणारं काही सापडलं, तर कदाचित निघेल. माझ्या वेळात नाही."

"आणि कड?"

"पाच तुकडे स्वच्छ. एकाही कोंबाचा मागमूस नाही."

"आणि सहावा?"

"जे माझ्या काचेखाली आलंच नाही, त्याबद्दल मी काय बोलू, बाई?" त्यांनी काच काढून बाजूला ठेवली. "एक ऐका. तुम्ही कापलंत म्हणून गाठ परत येणार नाही. परत आली, तर आत राहिली होती म्हणून येईल. तुमच्या कात्रीने गाठ वाढवली नाही. फक्त कळायचं राहिलं."

फक्त कळायचं राहिलं. एसटीत परत येताना कमलीबाई हे मनात घोळवत होत्या. सावरायला म्हणून दिलेलं ते वाक्य होतं. त्यांना ते कुठून धरावं तेच समजेना.

दिलवरसिंगचे टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्यासमोर दोन्ही वाटा ठेवल्या. आता परत उघडायचं, आतली बाजू आणखी काढायची. त्यात ओठ जाण्याची भीती. किंवा थांबायचं आणि लक्ष ठेवायचं. पाच वर्षं, दहा वर्षं. हे का विचारावं लागतंय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. कमलीबाईंनी सांगितलं. आपल्या बोलीत, एका दमात, भिंतीकडे तोंड करून.

दिलवरसिंगने टाक्यांच्या जागेवरून बोट फिरवलं.

"चौदा वर्षं ती माझ्याजवळ होती, कमली," तो म्हणाला. "मी तिला एकदाही घासलं नाही. तुला एक संध्याकाळ राहवलं नाही?"

"दादा, तू म्हणशील ते."

"मी काय म्हणू? होळी महिन्यावर आली. सगळ्या पाड्यांना हो म्हणून बसलोय." मग तो डॉक्टरांकडे वळला. "थांबतो. पण लक्ष मी नाही ठेवणार. माझ्या मानेवर मला दिसत नाही. हिने ठेवायचं."

ही शिक्षा होती की विश्वास, हे कमलीबाईंनी त्याला कधी विचारलं नाही.

डॉक्टरांनी त्यांना शिकवलं. तीन बोटांची पेरं, नखं नाहीत. कानाच्या पाळीपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून गळ्याकडे. दाबायचं नाही, पाण्याखालचा खडा शोधावा तसं सरकायचं. दर महिन्याच्या पहिल्या बाजाराला दिलवरसिंग डोंगर उतरून यायचा आणि दवाखान्याच्या पायरीवर पाठमोरा बसायचा. दगा ओरडायचा, "उना रे, कमलीबाईना पेशंट! नाडी मानमा शे येनी!" तपासणी संपेपर्यंत कमलीबाई श्वास घेत नसत. "नाही," असं म्हणाल्या की दिलवरसिंग उठून मीठ घ्यायला जायचा.

मधले दिवस वाईट जायचे. भांडी घासताना, पट्ट्या उकळताना त्यांची बोटं आपोआप स्वतःच्या जबड्याखाली जात. एकदा तिथे काहीतरी लागलं म्हणून त्या धावत डॉक्टरांकडे गेल्या. ती थंडीने सुजलेली साधी गुठळी होती, आणि गाठ मुळात त्यांची नव्हतीच. दवाखान्यातून धुळ्याला जाणारी प्रत्येक बाटली आता त्या न धुता देत. औषधाच्या बाटल्यासुद्धा घासण्याआधी क्षणभर थांबत. दगाने चिडवणं सोडून दिलं.

चौसष्ट साली पुरामुळे दिलवरसिंग दोन बाजार आला नाही. दुसरा बाजारही चुकला त्याच्या तिसऱ्या दिवशी कमलीबाई गुडघाभर चिखलातून वर गेल्या. तो नांगर धरून उभा होता. त्यांनी त्याला तिथेच शेतात खाली बसवलं. "बैल उभे आहेत, कमली." "राहू दे उभे." बोटं फिरवून झाल्यावर त्या तिथेच बांधावर बसल्या, पाणी मागितलं, आणि न जेवता परत निघाल्या.

एकोणसत्तरच्या हिवाळ्यात त्यांच्या लक्षात आलं, की उजव्या हाताच्या बोटांना बधिरपणा येतोय. सुई टोचली तरी उशिरा कळायची. गरम पाण्यात अठरा वर्षं गेलेले हात. डॉक्टर म्हणाले, वय झालं. भाऊ तर आठ वर्षं ठणठणीत आहे, आता सोडून दे. हिंमतराव दोन वर्षांपूर्वी गेले होते. विचारायला दुसरं कुणी नव्हतं. कमलीबाईंनी ते ऐकून घेतलं. पण पुढच्या बाजाराला दिलवरसिंग आला तेव्हा त्यांनी सांगितलं, की पुढच्या खेपेला बायकोला घेऊन ये.

रेवाबाई आली, डोक्यावर तुरीची पाटी घेऊन, जराशी रागावलेली. कमलीबाईंनी तिला पायरीवर बसवलं आणि तिचा हात धरून आधी स्वतःच्या जबड्यावर फिरवला.

"नखं नाही. पेरं. हं. हे हाड. हे हाडाच्या आतलं मऊ. आता इथे सावकाश."

"नणंदबाई, याच्या मानेवर मी रोजच हात ठेवते की," रेवाबाई म्हणाली.

"तसा नाही."

दिलवरसिंग पाठमोरा बसून हसत होता. त्याचे खांदे हलत होते. "हलू नको," दोघी एकदम म्हणाल्या. रेवाबाईची बोटं कानाच्या पाळीपासून निघाली, कोपऱ्यावर आली, आतल्या बाजूला वळली. ज्या जागेचा तुकडा कधी सापडला नाही, त्या जागेवर कमलीबाईंची नजर खिळली होती. त्यांचा स्वतःचा हात मांडीवर उघडा पडला होता.

"काही लागत नाही," रेवाबाई म्हणाली.

"घाई केलीस," कमलीबाई म्हणाल्या. "परत बघ."